कातकरी कुटुंबांसाठी जमातीचा दाखला : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची गणना केंद्र शासन विशेष दुर्बल आदिवासी गटांत करते आणि अशाच गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन अभियान सुरू झाले. मात्र वसतिगृह, शिष्यवृत्ती किंवा आदिवासी विकास विभागाची एखादी योजना मिळवायची, तर आधी जमातीचा दाखला मागितला जातो आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडावर वाडीत परतणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे बहुतेक वेळा नेमका तोच नसतो.

अर्जदाराचे वाडवडील ६ सप्टेंबर १९५० रोजी ज्या गावचे कायम रहिवासी होते, ते गाव ज्या प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयाच्या हद्दीत येते तेथे अर्ज करावा. भट्टी कोणत्या तालुक्यात आहे, याचा येथे संबंध नाही. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज भरता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र, वंशावळ, आधार कार्ड, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडील, आजोबा, चुलते अशा वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकांचे पुरावे जोडावेत. विवाहित स्त्रीने पुरावे माहेरचेच द्यायचे असतात.

खरी अडचण जुन्या पुराव्याची आहे. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची (गाव नमुना १४), नक्कल मागावी. त्यात ‘काळ्या बिन गोमा, काथोडी’ एवढेच लिहिलेले असते आणि नातवाच्या शाळेत आडनाव ‘वाघमारे’ लागलेले असते. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत असल्याने जमातीच्या नावातील हा फरक आड येऊ नये. आडनावाचा मेळ मात्र वंशावळ आणि प्रतिज्ञापत्रातून स्पष्टपणे घालून द्यावा.

नोंद सापडलीच नाही, तर तलाठी किंवा मंडळ अधिकाऱ्यामार्फत स्थानिक चौकशी करण्याची लेखी विनंती अर्जासोबतच द्यावी. कागद नाही म्हणून खिडकीवरूनच परत पाठवले जाणे मुकाट्याने सोसू नये. अर्जाची पोच घ्यावी, नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागावा आणि आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील करावे. चौकशीसाठी तलाठी वाडीवर येईल तेव्हा घराला कुलूप असू नये, यासाठी अर्ज पावसाळ्यातच, भट्टीची उचल (आगाऊ मजुरी) घेण्यापूर्वी, दाखल करावा.