बोरीबंदरच्या भिंतीतले तीन दगड

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, म्हणजे जुन्या बोरीबंदर स्टेशनच्या, बाहेर उभं राहून कोणीही मान वर करून घुमटाकडे बघतो. माझं म्हणणं आहे की एकदा मान सरळ ठेवून समोरच्या भिंतीकडे बघा. अगदी हातभर अंतरावरून बघा आणि शक्य असेल तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग बरोबर ठेवा. पिवळसर भिंतीचा दगड भिंगाखाली खरखरीत दिसतो, त्यात फिकट स्फटिकांचे बारीक ठिपके असतात. त्याच्या शेजारी कोरलेल्या फिकट पानाफुलांवर भिंग नेलं की वेगळंच जग दिसतं. इथे रव्यासारखे गोलसर बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. एका दगडाचा जन्म ज्वालामुखीत झाला, दुसऱ्याचा समुद्रकाठच्या वाळूत, आणि दोन्ही एकाच भिंतीत शेजारी नांदत आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मुंबईच्या वास्तूंबद्दल बोलताना आपण कमानी, शिखरं आणि वास्तुविशारदांची नावं सांगतो. दगडाचा विषय राहून जातो. या इमारती कशा दिसतात हे मात्र पुष्कळसं दगडानेच ठरवलं आहे.

सुरुवात काळ्या दगडापासून करू. महाराष्ट्राला त्याची ओळख करून द्यायला नको. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं, त्यातला हा बेसॉल्ट. घट्ट, जड आणि पाणी फारसं न शोषणारा. त्यातली मुख्य खनिजं, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, काठिण्याच्या १ ते १० अशा मोजपट्टीवर साधारण ६ वर बसतात. पोलादी छिन्नीचं काठिण्यही जवळपास तेवढंच. म्हणजे बेसॉल्ट घडवताना छिन्नी दगडाइतकीच झिजते आणि पाथरवटाला ती पुन्हा पुन्हा पाजवून घ्यावी लागते. बेसॉल्टमध्ये नाजूक काम होतच नाही असं नाही. वेरूळचं कैलास लेणं डोळ्यांसमोर आहे. पण तिथे पिढ्यांचा वेळ आणि राजाश्रय होता. दहा वर्षांत स्टेशन उभं करायचं, वर त्याचा हिशेब रेल्वे कंपनीला द्यायचा, तर हजारो फुटांचं कोरीवकाम काळ्या दगडात परवडत नाही. म्हणून कर्नल जेम्स फुलर यांनी १८७१ ते १८७८ या काळात बांधलेलं उच्च न्यायालय काळ्या दगडात उभं राहिलं तेव्हा त्याचा भारदस्तपणा नक्षीपेक्षा आकारमानातून आला. मला ती इमारत त्यामुळेच आवडते.

दुसरा दगड मालाड आणि कुर्ल्याचा. मुंबई म्हणजे सगळा बेसॉल्ट, असा आपला समज असतो, पण मालाड-कुर्ला ज्यावर आहेत त्या साष्टी बेटाची गोष्ट निराळी आहे. दख्खनचे मोठे उद्रेक ओसरल्यावर, आणखी काही दशलक्ष वर्षांनी, इथे वेगळ्या रासायनिक घडणीचा लाव्हा वर आला. बेसॉल्टमध्ये सिलिकाचं प्रमाण साधारण ५० टक्के असतं. या लाव्हात ते ६० टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. सिलिका वाढली की लाव्हा घट्ट होतो, दूरवर वाहत जात नाही, आणि त्यातली लोह-मॅग्नेशियमची काळी खनिजं कमी झाल्याने थंड झालेला दगड फिकट रंगाचा होतो. ट्रॅकाइट आणि रायोलाइट या कुळातले हे खडक. गवंड्यांच्या आणि ठेकेदारांच्या भाषेत त्यांना नुसतं ‘मालाड दगड’ आणि ‘कुर्ला दगड’ म्हणत. पिवळसर, बदामी, कुठे किंचित तपकिरी, आणि बेसॉल्टपेक्षा घडवायला बराच सोपा.

राजाबाई टॉवर याच कुर्ला दगडात आहे. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला. त्यांनी मुंबई कधी पाहिली नाही. पैसा दिला व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आणि मनोऱ्याला नाव मिळालं त्यांच्या आईचं. १८७८ मध्ये काम पुरं झालं तेव्हा उंची भरली २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने. कागदावरची रेघ लंडनची होती, पण कुर्ल्याच्या दगडात ती उतरवणारे हात इथले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोरीबंदरलाही तेच झालं. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, पण प्रत्यक्ष कामावर सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि सजावटीचं पुष्कळ काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं.

तिसरा दगड परगावचा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून, पोरबंदरहून, समुद्रमार्गे आलेला. हा चुनखडक, आणि वयाने बेसॉल्टपुढे अगदी तान्हा: गेल्या काही लाख वर्षांतला. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं आणि शिंपल्यांचा चुरा किनाऱ्यावर साचला, वाऱ्याने उडून त्याचे ढीग झाले, आणि पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना दाण्यांच्या मध्ये पुन्हा साकळून ते घट्ट झाले. त्यातल्या मिलिओलिड नावाच्या कवचधारी जीवांवरून भूवैज्ञानिक याला मिलिओलाइट म्हणतात. याचं मुख्य खनिज कॅल्साइट, काठिण्य फक्त ३. खाणीतून नुकताच काढलेला दगड तर आणखी मऊ असतो, कारण त्याच्या छिद्रांत अजून पाणी असतं. ते सुकताना त्यातला विरघळलेला चुना पृष्ठभागाकडे येऊन साकळतो आणि दगडावर थोडी कडक साय धरते. म्हणजे कारागिराला मऊ दगड मिळतो आणि काम झाल्यावर तो आपणहून जरा घट्ट होतो. मोर, माकडं, मगरी, वेलबुट्टी असं जे काही बोरीबंदरच्या इमारतीवर दिसतं, त्यातला नाजूकपणा या गुणावर उभा आहे.

मग घुमटाकडेही बघू. स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं. खर्च झाला १६ लाख १४ हजार रुपये. या घुमटाचं त्या काळी विशेष कौतुक झालं, कारण तो खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता चढवला होता. कमान बांधायची तर शेवटचा, मधला दगड बसेपर्यंत खाली आधार लागतोच; तोवर दोन्ही बाजू आत पडू पाहतात. घुमटाचं तसं नाही. त्यातला प्रत्येक आडवा थर म्हणजे एक कडं असतं. कडं पुरं झालं की प्रत्येक दगड आत झुकू पाहतो, पण शेजारचे दोघे त्याला दाबून धरतात. पुरं झालेलं कडं स्वतःच्याच ताकदीवर उभं राहतं आणि पुढच्या थराचा पाया होतं. अडचण असते ती कडं अर्धवट असताना. त्यावर इथला उपाय म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचांनी जोडलेल्या दगडी बरगड्या. सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्याला डव्हटेल सांधा करतात, त्याच जातीची ही जोडणी. अशी खाच दगडात बसवायची तर घडाईत चूक चालत नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये आयफेल टॉवर लोखंडात उभा राहिला. लोखंडाचं युग सुरू होत असताना मुंबईने दगडातलं कसब असं पणाला लावलं होतं. वर ‘प्रगती’चा पुतळा आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात आरे असलेलं चाक.

मऊपणाची किंमत मात्र आज मोजावी लागते. कोळशाच्या धुरातला आणि गाड्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड हवेतल्या ओलाव्यात मिसळून आम्ल होतो. हे आम्ल चुनखडकाला भिडलं की कॅल्साइटचं जिप्सम बनतं. जिप्सम पाण्यात जास्त सहज विरघळतं, त्यामुळे जिथे पावसाचे सपकारे बसतात तिथे ते धुऊन जातं आणि नक्षीच्या कडा बोथट होतात. पावसापासून आडोशाला असलेल्या जागी ते टिकतं, काजळी पकडून त्याची काळी खपली होते, आणि खपली सुटली की तिच्याबरोबर दगडाचा चेहराही जातो. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेतलं मीठ छिद्रांत शिरतं आणि पाणी सुकताना स्फटिक होऊन आतून रेटा देतं.

अशा भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरताना सिमेंट वापरणं हा मोठा अपराध आहे, आणि मी तो वेगवेगळ्या जुन्या इमारतींत पुष्कळदा पाहिला आहे. चुन्याच्या दर्जांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती वाट बुजवतं. मग पाणी दगडातून बाहेर यायला लागतं, मीठही तिथेच साठतं, आणि पाच-सहा वर्षांत सिमेंटची रेघ शाबूत राहून आजूबाजूचा दगड झडलेला दिसतो. दुरुस्तीला त्याच जातीचा दगड मिळवणं आणखी कठीण, कारण मालाड-कुर्ल्याच्या त्या खाणींचा काळ कधीच सरला, त्यांच्या परिसरात आता वस्ती आहे.

स्टीव्हन्स यांना या तिन्ही दगडांचा स्वभाव पुरता कळला होता, हे पाहायचं तर चर्चगेट गाठावं. स्टेशनसमोरची पश्चिम रेल्वेची मुख्य कचेरी १८९९ मध्ये पुरी झाली. पुढच्याच वर्षी ते वारले. तिथे त्यांनी रंगांची मांडणीच उलटी केली. भिंत निळसर काळ्या बेसॉल्टची, मुद्दाम खडबडीत ठेवलेली, कारण हा दगड गुळगुळीत करण्यात वेळ घालवण्यासारखा नाही. आणि तिच्यावर आडवे पट्टे पोरबंदरच्या पांढऱ्या दगडाचे. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की बेसॉल्टच्या प्रत्येक टवक्याची सावली पडते. जून सरताना गेलात तर ओला बेसॉल्ट आणखी काळा झालेला असतो आणि पांढरा पट्टा दुरूनही उठून दिसतो.