एचआयव्ही चाचणी सरकारी केंद्रात कशी होते: कोण जाऊ शकतं, कोणते कागद लागतात

सरकारी कामाला निघताना आपण आधी फाइल शोधतो: आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, सगळ्याच्या झेरॉक्स. एचआयव्हीच्या चाचणीसाठी ही फाइल घरीच राहू द्या. ओळखपत्र सक्तीचं नाही, रहिवासी दाखल्याची अट नाही, डॉक्टरची चिठ्ठीही आवश्यक नाही आणि चाचणी मोफत आहे. तरी कितीतरी जण दारापर्यंत येऊन परत फिरतात. ओळखीचं कुणी दिसलं तर, ही धास्ती. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर तुमची माहिती कुणाला कळते, तेही सांगतो.

ही चाचणी जिथे होते त्या खोलीचं नाव आहे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. सगळे त्याला आयसीटीसीच म्हणतात. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत ती असते. जवळचं केंद्र माहीत नसेल तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर विचारा. गावातल्याच केंद्रात गेलं पाहिजे असा नियम नाही. दुसऱ्या तालुक्यात जाऊन चाचणी करून येणारे पुष्कळ असतात, आणि त्यात गैर काही नाही.

पात्रता म्हणाल तर कुणीही. गरोदर महिला आणि क्षयरोगाच्या रुग्णांना ही चाचणी सुचवलीच जाते, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली तर 'माझ्यावर संशय का' असं मनात आणू नका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकांची संमती लागते.

आत गेल्यावर आधी समुपदेशक बोलतात, दार लावून. शारीरिक संबंध, सुया, आधी घेतलेलं रक्त असे प्रश्न येतात आणि पहिल्यांदा कानकोंडं व्हायला होतं. पण तो जबाब नसतो. धोक्याची घटना कधी घडली यावर चाचणीचा अर्थ ठरतो, म्हणून विचारतात. मग संमती. 2017 च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतली तपासणी, नाव न जोडता केलेलं सर्वेक्षण असे मोजकेच अपवाद आहेत. शस्त्रक्रियेआधी इतर तपासण्यांच्या यादीत गुपचूप ही चाचणी घालणं यात बसत नाही.

अहवाल साधारण त्याच दिवशी मिळतो, तोही समुपदेशकाकडून, तुमच्याच हाती. नवरा, सासू, साहेब, कुणीही मागितला म्हणून देता येत नाही. पहिली चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे निकाल लागला असं नसतं. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्यांनंतरच निदान पक्कं होतं. 'निगेटिव्ह' आलं तरी एक अट आहे: लागण झाल्यावर रक्तात ती दिसायला वेळ लागतो, म्हणून धोक्याची घटना अलीकडची असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा या. आणि घटना कालपरवाचीच असेल तर चाचणीच्या तारखा मोजत बसू नका. 72 तासांच्या आत रुग्णालयात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. त्या 28 दिवस घ्यायच्या असतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

लागण निघाली तर आयसीटीसीतूनच एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. आता मात्र कागद लागतात: चाचणीचा अहवाल, फोटो, आणि सहसा पत्त्याचा एखादा पुरावा. काही कमी असेल तरी जा, काय चालेल ते तिथेच विचारा. कागदासाठी औषध थांबवू नका. पूर्वी सीडी4 पेशी (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत औषधं थांबवत. 2017 पासून निदान झालेल्या प्रत्येकाला ती सुरू करतात, मोफत. गोळ्या रोज, न चुकवता घेतल्या आणि रक्तातला विषाणू चाचणीत दिसणार नाही इतका कमी झाला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. गरोदरपणात वेळेवर कळलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली आणता येते. ताटातून, टॉवेलमधून, मिठीतून तो पसरत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

राहिला प्रश्न नोकरीचा. रुजू करून घेण्याआधी एचआयव्हीचा अहवाल मागणं बेकायदा आहे. लागण आहे म्हणून कामावरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, भाड्याचं घर सोडायला लावणं, उपचार टाळणं, सगळ्याला हाच कायदा मनाई करतो. तुमची माहिती फोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असावा लागतो. दवाखाना किंवा रुग्णालय असेल तर वीस माणसांपासूनच. त्याच्यापलीकडे याच कायद्याखाली नेमलेला राज्याचा लोकपाल आहे. त्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो 24 तासांत. तक्रार लेखी करा, काय घडलं ते तारखेसह लिहा. फाइल जपून ठेवायची वेळ येते ती इथे: नोकरी नाकारल्याचं पत्र, रुग्णालयाचा केसपेपर, मोबाइलवरचे संदेश, जे असेल ते.