पिल्लाला शिकवताना : घरातल्या सगळ्यांसाठी

आमच्या प्रशिक्षण वर्गात तुमचं कुत्र्याचं पिल्लू आठवड्यातून तासभर असतं. बाकीचा सगळा वेळ ते तुमच्याकडूनच शिकत असतं. म्हणून हे पत्रक आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांनी वाचावं.

आम्ही मारत नाही. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा पट्टा) हेही वापरत नाही. मार खाल्लेला कुत्रा शहाणा झाल्यासारखा वाटतो, पण तो फक्त घाबरलेला असतो. नेमकं काय करायला हवं होतं, हे त्याला कळलेलंच नसतं. घरात शू केली म्हणून त्यात नाक घासलं, तर माणसांसमोर शू करायची नाही एवढंच ते शिकतं आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जातं. त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्या. तिथे शू झाली की तिथल्या तिथे शाबासकी द्या.

‘बस’ ही आज्ञा अशी शिकवा. वाटाण्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाजवळ धरा आणि हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपसूक खाली येतं. ते जमिनीला टेकताक्षणी ‘शाब्बास!’ म्हणा आणि तुकडा द्या. हात उंच गेला तर पिल्लू उडी मारणार. शाबासकीला उशीर झाला आणि ते उठलं, तर ती उठण्याबद्दल मिळाली असंच ते समजणार. जेवणाआधी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे. चांगलं जमू लागलं की खाऊ हळूहळू कमी करा, कौतुक मात्र चालू ठेवा. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा चुकूनही देऊ नका.

दमून-चिडून घरी आलात तर त्या दिवशी शिकवणी नको, नुसतं फिरवून आणा. तुमच्या आवाजातला राग त्याला लगेच कळतो.

प्रेमानं शिकवायचं म्हणजे सगळं चालवून घ्यायचं असं नाही. अंगावर उड्या मारल्या तर पाठ फिरवा, बोलू नका, बघूही नका. चारही पाय जमिनीवर आले की थोपटा. पण बाबांनी पाठ फिरवायची आणि ताईनं उचलून घ्यायचं, असं चाललं तर ही सवय सुटणार नाही.

गुरगुरल्याबद्दल कधीही ओरडू नका, हे आम्ही अगदी कळकळीनं सांगतो. ‘मला त्रास होतोय, लांब राहा’ असं ते सांगत असतं. ती सूचना द्यायची सोय आपण काढून घेतली, तर पुढच्या वेळी ते थेट चावू शकतं. बाजूला व्हा, त्याला मोकळी जागा द्या आणि आम्हाला फोन करा. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा. कान किंवा दात दुखत असू शकतो.

पहिल्या वर्गाला येताना लसीकरणाचं कार्ड, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि त्याचा आवडता खाऊ आणा. पोटभर जेवू घालून आणू नका. आणि त्याला रोज फिरवणारी व्यक्ती सोबत हवीच, मग त्या कामाला येणाऱ्या मावशी असोत की सोसायटीतला दादा.