अर्ज कुत्र्यासाठी, परीक्षा माणसाची

सर्व्हिस डॉगसाठी, म्हणजे अपंग माणसाला मदत करायला शिकवलेल्या कुत्र्यासाठी, प्रशिक्षण संस्थेकडे अर्ज करायचं मनात आलं की आधी अंगावर येतात ते प्रश्न. दिवसभर कुठे कुठे जाता? रस्ता एकट्याने ओलांडता का? घरात आणखी कोण आहे? मग डॉक्टरांचे कागद, मुलाखत, बऱ्याचदा घराची पाहणी आणि पुढे लांबलचक प्रतीक्षायादी. कुत्रा हवा आपल्याला आणि तपासणीही आपलीच! पण ही पद्धत काही आजची नाही.

सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डनबुर्गला वाट दाखवणारी कुत्री तयार करण्याची शाळा काढली. पुढे पोट्सडामलाही असं केंद्र निघालं. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्री तयार करणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी ते काम पाहून नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या एकोणीस वर्षांच्या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला आणि त्याने लगेच बाईंना पत्र धाडलं. मला शिकवा, परत आलो की इथल्या अंधांसाठी हेच काम करीन, असा त्याचा आशय होता. माझ्या मते आजच्या अर्जाचं मूळ त्या पत्रात आहे. कुत्रा मिळाल्यावर तुम्ही काय करणार, हे आजही विचारतातच.

अंध माणसाने एकट्याने समुद्रप्रवास करायचा नाही, असा तेव्हाचा खाक्या. म्हणून फ्रँकला अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीमार्फत चक्क पार्सलासारखं युरोपला पाठवलं गेलं. १९२८ मध्ये तो परतला तो बडी या वाट दाखवणाऱ्या कुत्रीला घेऊनच. न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांसमोर त्याने भयंकर रहदारीची वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवली. हातात हार्नेसचा, म्हणजे कुत्रीच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांचा, दांडा होता, आणि बडी कधी थांबते, कधी मागे सरते, हे त्या दांड्यातूनच कळायचं. नंतर त्याने युस्टिसना एका शब्दाची तार केली, ‘यश’. जानेवारी १९२९ मध्ये दोघांची ‘द सीइंग आय’ संस्था उभी राहिली.

कुत्रा पत्ता शोधत नाही. कुठे वळायचं हे माणसाने ठरवायचं. कुत्र्याने अडथळे चुकवायचे आणि गाडी येत असेल तर ‘पुढे’ हा हुकूमसुद्धा मोडायचा. म्हणून एकट्याने वावरता येतं का, हे आधी पाहतात.

चालण्या-वाकण्याला मर्यादा असलेल्यांसाठी बॉनी बर्गिन यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात वेगळी वाट पाडली. वस्तू उचलून देणं, दार उघडणं, दिवा लावणं हे काम कुत्र्यांकडे आलं. मागणी वाढली, पण पुरवठा तिच्या मागे धावू शकत नाही. पिल्लू आधी स्वयंसेवक कुटुंबात वाढतं, मग महिनोन्‌महिने प्रशिक्षकाकडे राहतं, आणि बरीच पिल्लं मधेच गळतात.

अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्याने सर्व्हिस डॉग सार्वजनिक ठिकाणी सोबत नेण्याचा हक्क दिला, पण प्रमाणपत्राची सक्ती केली नाही; कुत्रा स्वतः शिकवलात तरी चालतो. त्यामुळे इंटरनेटवर विकली जाणारी ओळखपत्रं आणि जाकिटं कायद्याच्या दृष्टीने कवडीमोलाची आहेत. नुसता धीर देणारा कुत्रा कायद्याच्या ‘सर्व्हिस डॉग’ या व्याख्येत बसत नाही. विशिष्ट काम शिकलेला असावा लागतो.

पैशांचं मात्र संस्थेगणिक वेगळं. ‘सीइंग आय’ पहिल्या कुत्र्यासाठी दीडशे डॉलर घेते, तर काही संस्था अर्जदारालाच हजारो डॉलर उभे करायला सांगतात. मालकी कुणाकडे राहणार आणि कुत्रा म्हातारा होऊन निवृत्त झाला की दुसऱ्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहायचं का, हे अर्जदारानेही सही करण्याआधी विचारून घ्यावं.