पृष्ठवर्धित रामन प्रकीर्णन

चांदी, सोने किंवा तांबे यांच्या खडबडीत पृष्ठभागावर अथवा नॅनोकणांवर अधिशोषित झालेल्या (चिकटलेल्या) रेणूंचा रामन संकेत (रेणूंनी वेगळ्या तरंगलांबीने विखुरलेला प्रकाश) लाखो पटींनी वाढतो, त्या घटनेस पृष्ठवर्धित रामन प्रकीर्णन म्हणतात. प्रयोगशाळांतील बोलीत त्यास ‘सर्स’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव रुळले आहे.

रामन परिणाम (कोलकाता, २८ फेब्रुवारी १९२८) मुळातच क्षीण असतो. ढोबळमानाने कोटीभर फोटॉनांमागे (प्रकाशकणांमागे) एखादाच रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवघेव करून वेगळ्या तरंगलांबीने बाहेर पडतो. त्यामुळे विरल द्रावणातील पदार्थ या पद्धतीने ओळखणे फार काळ दुरापास्त होते.

शोधाचे श्रेय कोणाला, याविषयी एकमत नाही. साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमान, हेंड्रा व मॅकक्विलन यांनी १९७४ मध्ये चांदीच्या विद्युत् अग्रावर (इलेक्ट्रोडवर) पिरिडिन या सेंद्रिय संयुगाचा ठळक वर्णपट मिळवला. अग्राचे वारंवार ऑक्सिडीकरण व क्षपण करून त्यांनी त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला होता, आणि क्षेत्रफळ वाढल्याने अधिक रेणू चिकटले, असे स्पष्टीकरण दिले. क्षेत्रफळातील वाढ संकेतातील वाढीच्या मानाने अगदीच तोकडी आहे, हे १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर व व्हॅन डाइन यांनी, तर इंग्लंडमध्ये अल्ब्रेक्ट व क्रेटन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्यांच्या मते प्रत्येक रेणूमागे संकेत सुमारे १ लाख ते १० लाख पट वाढला होता. म्हणून काही अभ्यासक १९७४ हे, तर काही १९७७ हे शोधाचे वर्ष मानतात. निरीक्षण १९७४ चे असले, तरी ‘वर्धन’ ही कल्पना १९७७ पूर्वी मांडलेली दिसत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कारणमीमांसेत दोन भाग सांगतात. प्रकाशाने धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन एकत्रित आंदोलू लागतात (पृष्ठीय प्लाझमॉन) व कणालगतचे विद्युत् क्षेत्र तीव्र होते. वर्धन या क्षेत्राच्या अंदाजे चौथ्या घातानुसार बदलते, म्हणजे क्षेत्र १० पट झाले, तर संकेत १०,००० पट होतो. दुसरा भाग धातू व रेणू यांच्यातील विद्युत् भाराच्या देवघेवीचा; तो सहसा १० ते १०० पटींपलीकडे जात नाही. सर्वाधिक वर्धन कणावर नव्हे, तर दोन कणांमधील एक-दोन नॅनोमीटरांच्या फटीत होते. नी व एमरी यांनी, तसेच क्नाइप व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एकेका रेणूचा संकेत मिळाल्याचे जाहीर केले, तेव्हा १० च्या चौदाव्या घाताइतक्या वर्धनाचे आकडे पुढे आले. पुढील काटेकोर मोजमापांत ते बरेच खाली उतरले.

चांदीच्या नॅनोकणांचे कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांचे मिश्रण) बनवण्याची ली व मायसेल यांची रीत (१९८२) आजही प्रचलित आहे. सिल्व्हर नायट्रेटाच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घालून सुमारे तासभर उकळी ठेवली, की पिवळट-राखाडी कलिल तयार होते. नळाचे पाणी वापरल्यास त्यातील क्लोराइडामुळे द्रावण दुधाळ होते, म्हणून शुद्ध पाणीच घ्यावे लागते. सोन्याचे कलिल माणकासारखे लाल असते. त्यात मिठाच्या द्रावणाचे थेंब सोडताच कण जवळ येतात व रंग निळसर-जांभळा होतो. संकेत बळावतो तो याच टप्प्यावर. मीठ थोडे जास्त झाले, तर कण तळाशी बसतात. एकाच नमुन्याचे दोन दिवसांतील आकडे जुळत नाहीत, त्याचे मूळ बहुधा येथे असते.

अवरक्त शोषणातही असे वर्धन आढळते (हार्टस्टाइन व सहकारी, १९८०), पण ते पुष्कळ कमी असते.

फळांच्या सालीवरील थायरमसारख्या बुरशीनाशकाचा अंश शोधण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. वाशी-तुर्भे येथील घाऊक बाजाराशी निगडित वाचकांस तिचे महत्त्व सहज पटेल. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग-संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगासंबंधी रामन वर्णपटांचा अभ्यास झाला आहे. तो मात्र प्रामुख्याने वर्धनाविना होणाऱ्या नेहमीच्या पद्धतीचा आहे. ठाणे खाडीकाठच्या दमट हवेत देव्हाऱ्यातील चांदीचे निरांजन काळवंडते, ते हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. या पद्धतीसाठी चांदीचे नॅनोकण चढवलेल्या काचपट्ट्यांचेही तेच होते. त्या हवाबंद पुडीत ठेवतात व उघडल्यावर लगेच वापरतात. सोन्याच्या पट्ट्यांचे वर्धन तुलनेने कमी असले, तरी त्या टिकतात, आणि ७८५ नॅनोमीटरच्या लेसरसाठी त्याच अधिक वापरल्या जातात.