विकेंद्रित समाजमाध्यमे आणि संस्थात्मक पाठबळ

एका कंपनीच्या ताब्यात नसलेले, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या पण एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरवर चालणारे समाजमाध्यम म्हणजे विकेंद्रित समाजमाध्यम. मास्टोडॉन हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. जर्मनीतील ऑयगेन रोश्को यांनी ते २०१६ मध्ये सुरू केले. त्याचे सॉफ्टवेअर मुक्त व फुकट आहे. सर्व्हरचे भाडे, रोजची देखभाल आणि तक्रारींचा निपटारा मात्र फुकटात होत नाही. पुष्कळ सर्व्हर एखाददोन हौशी माणसे देणग्यांवर चालवतात.

निव्वळ पैशाने हे भागत नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी ‘डायस्पोरा’ या विकेंद्रित समाजमाध्यमासाठी दहा हजार डॉलर मागितले आणि लोकांनी दोन लाख दिले. तरीही दोनच वर्षांत तो प्रकल्प स्वयंसेवकांच्या हवाली झाला. भारतात २०१९ च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेकजण रागाने मास्टोडॉनवर गेले. ती लाटही ओसरली.

अशा माध्यमांवर संस्था दोन तऱ्हांनी येतात. नुसते खाते उघडणे सोपे, आणि सोडून देणेही. स्वतःचा सर्व्हर चालवणे ही खरी बांधिलकी. जर्मनीच्या संघीय माहिती-संरक्षण आयुक्तांनी सरकारी कार्यालयांसाठी असा सर्व्हर २०२० मध्ये सुरू केला. तेथील प्रत्येक खात्याच्या नावापुढे ‘सोशल.बुंड.डीई’ हा सरकारी पत्ता लागतो. खाते खरे की तोतया, हे त्यावरूनच कळते. ट्विटरप्रमाणे (आताचे एक्स) निळी खूण विकत घ्यावी लागत नाही. नेदरलँड्स सरकारनेही २०२३ मध्ये हाच मार्ग धरला.

युरोपीय संघाचा अनुभव अधिक बोलका आहे. संघाच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल २०२२ मध्ये ‘ईयू व्हॉइस’ हा सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. संघाच्या अनेक संस्था त्यावर आल्या. परंतु देखरेख करणाऱ्या कार्यालयाने समाजमाध्यम कायमचे चालवावे, ही मुळातच अवघड जागा होती. दुसरी कोणतीही संस्था जबाबदारी घ्यायला पुढे आली नाही, आणि मे २०२४ मध्ये तो बंद झाला. खाती सगळ्यांना हवी होती, किल्ल्या कुणालाच नको होत्या. मास्टोडॉनवर खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येते, फॉलोअरही सोबत येतात; जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत.