श्रीखंडातलं जायफळ आणि कुलपात तुटलेली किल्ली

पाडव्याच्या जेवणानंतर आमच्याकडे दरवर्षी एकच संवाद होतो. काका सतरंजीवर आडवे होत म्हणतात, "श्रीखंडात जायफळ जरा जास्तच पडलंय हं," आणि वाक्य संपेपर्यंत घोरायला लागतात. यंदा मी हिशेब मांडला.

अर्धा किलो चक्का, तेवढीच साखर, म्हणजे किलोभर श्रीखंड. त्यात आईने पाव जायफळ किसलं. एक जायफळ साधारण ४-५ ग्रॅमचं, म्हणजे पाव जायफळ ग्रॅमभर झालं. काकांच्या दोन वाट्या २०० ग्रॅम धरल्या, तर त्यांच्या पोटात २०० मिलिग्रॅम जायफळ गेलं. जायफळ अंगावर येतं ते साधारण ५ ग्रॅमच्या पुढे. तेवढं श्रीखंडातून मिळवायचं तर एका बैठकीत ५ किलो चापावं लागेल. शिवाय त्याचा परिणाम दिसायला ३ ते ६ तास लागतात आणि काका तर पान खायलाही थांबले नव्हते. संशय घ्यायचाच तर पुऱ्या, बटाट्याची भाजी, साखर आणि चैत्रातल्या उन्हावर घ्यावा.

आणि ५ ग्रॅमच्या पुढे जे होतं ती काही सुखाची झोप नसते. तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं, मळमळतं, भ्रम होतो, आणि हे सगळं दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकू शकतं. हृदयातल्या पुर्किंये तंतूंवर ज्याचं नाव आहे, त्या चेक शास्त्रज्ञाने १८२९ साली स्वतः तीन जायफळं खाऊन पाहिली आणि स्वप्न कुठलं, जाग कुठली याचा घोळ झाल्याचं नोंदवून ठेवलं. कृपा करून हा प्रयोग घरी करू नका. जायफळाच्या अतिसेवनाने लोक खरोखर दवाखान्यात पोचतात.

एवढं जहाल रसायन झाडाने बनवलं तरी कशाला? उत्तरासाठी एक जायफळ अडकित्त्याने मधोमध कापा. फिकट गरात तपकिरी नक्षी दिसेल, संगमरवरासारखी. ओळखीची वाटली ना? कापलेल्या सुपारीतही अशीच असते. (सुपारी ताडाच्या कुळातली, जायफळाशी तिचं नातं दूरचं. सीताफळ मात्र जायफळाचं खरंच भाऊबंद, आणि त्याच्या बीच्या आतही अशाच घड्या सापडतात.) फिकट भागात स्निग्धांश आणि पिष्ट साठवलेलं असतं, कोंबासाठी बांधून दिलेली शिदोरीच. सुगंधी तेल असतं ते त्या तपकिरी रेघांमध्ये. किसणीने या रेघा फुटतात तेव्हा वास सुटतो. जायफळाची पूड करून ठेवू नये, लागेल तेव्हा किसावं, म्हणतात ते याचसाठी.

जायफळाचं मूळ घर म्हणजे इंडोनेशियातली चिमुकली बांदा बेटं. त्यांच्यासाठी डचांनी १६२१ साली तिथल्या लोकांची कत्तल केली, आणि १६६७ च्या तहात इंग्रजांनी तिथल्या रन बेटावरचा हक्क सोडून मॅनहॅटन राखलं, ही कथा सगळे सांगतात म्हणून मी सोडून देतो. झाडाचा व्यवहार त्याहून मजेदार आहे. कोकणातल्या माड-पोफळीच्या बागेतही तो बघायला मिळतो. पिवळसर फळ झाडावरच उकलतं आणि आत काळसर कवचावर लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. बांदामध्ये मोठी कबुतरं तिला भुलून अख्खी बी गिळतात, पत्री पचवतात आणि बी दूर कुठेतरी टाकतात. पत्री ही हमाली. पण त्यानंतर स्निग्धांशाने भरलेली ती बी रानात जमिनीवर पडून राहते, आणि किड्यांसाठी ती मेजवानीच.

इथे त्या सुगंधी तेलातलं मायरिस्टिसिन, म्हणजे तेच जहाल रसायन, कामाला येतं. जरा किचकट आहे, पण माझ्या मते सगळ्या मसाल्याच्या डब्यात याच्याइतकी देखणी युक्ती नाही. या रेणूत बेन्झिनचा षटकोन असतो आणि त्याच्या एका बाजूला चिकटलेली पाच अणूंची कडी. कडीत दोन ऑक्सिजन आणि त्यांच्या मधोमध एक कार्बन. आपल्या यकृतात आणि किड्यांच्या शरीरातही सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. त्यांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच. तेलकट परका रेणू आला की त्यात ऑक्सिजन घुसवायचा, तो पाण्यात विरघळेल असा करायचा आणि बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. मायरिस्टिसिन आलं की विकर नेहमीच्या सवयीने त्या मधल्या कार्बनला हात घालतं. त्यातून कार्बीन नावाचा अतिशय अधाशी तुकडा तयार होतो, तो थेट लोहाच्या अणूलाच धरून बसतो आणि सुटता सुटत नाही. किल्ली कुलपात तुटावी तसं. किड्याकडे विष निवारणारं यंत्र होतं, तेच बंद पडलं. आता त्याच्या पोटात दुसरं एखादं विष गेलं तर ते जास्त बाधू शकतं.

माणसाने ही युक्ती उचलली, पण तिळातून. १९४० च्या सुमारास लक्षात आलं की शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेल्या कीटकनाशकात तिळाचं तेल मिसळलं की त्याचा जोर वाढतो. तिळातल्या सेसमिनमध्येही हीच कडी आहे. आज काही औषधी मच्छरदाण्यांत कीटकनाशकाचा जोर वाढवायला पायपरोनिल ब्युटॉक्साइड नावाचं रसायन घालतात, त्यातही तीच कडी.

मिरीतल्या पायपरिनच्या टोकालाही तशीच कडी आहे, आणि तेही यकृताची विकरं मंदावतं. म्हणून 'हळद-मिरी कॅप्सूल, शोषण कितीतरी पट' अशी जाहिरात दिसली की मला धास्तीच वाटते. शरीराची गाळणी बोथट केली की हळदीबरोबर रक्तदाबाची गोळीही जास्त वेळ रक्तात राहू शकते. ते डबीवर लिहीत नाहीत. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे मात्र ठळक अक्षरात असतं. अहो, धोतराही नैसर्गिकच आहे.

हे सगळं वाचल्यावर मला आठवली ती बाळगुटी. सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून तान्ह्याला चाटवायची. तान्ह्या बाळाच्या यकृतात ही विकरं अजून पुरती तयारही नसतात, आणि वजन जेमतेम तीन किलो. आजी बजावायची, "जायफळाचा एकच वळसा, बाळ गुंगतं." मात्रेचं भान तिला होतं. पण वळसा किती दाबून द्यायचा हे ज्याच्या त्याच्या मनगटावर. बाळाला सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. भाचीच्या वेळी ताईने ते ऐकलं आणि आजी आठवडाभर रुसून बसली. सहाण अजून आहे घरात. आता तिच्यावर फक्त चंदन उगाळतात.